लाकडी सांगाड्याच्या खोल्या आणि तीव्र आग : वाड्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नागपूरच्या महाल भागातील भोसल्यांचा राजवाडा १८६४ मध्ये आगीत जळाला. काळ्या बेसाल्ट दगडाची ही वास्तू लाकडी कोरीवकामाने नटलेली होती. तिच्यातून नगारखाना तेवढा वाचला, अशी नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये आढळते. त्याच्या छत्तीस वर्षे आधी, २७ फेब्रुवारी १८२८ रोजी, पुण्याच्या शनिवारवाड्याला आग लागली व ती सात दिवस धुमसत राहिली. १७३० मध्ये पायाभरणी होऊन १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या त्या वाड्याची आज जोती, तटबंदी आणि दरवाजे तेवढे दिसतात. पुढे १८७९ मध्ये पुण्याचाच बुधवारवाडा अग्निसात झाला आणि विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडील भागही जळाला.

या घटनांवरून सर्वसामान्यपणे एकच निष्कर्ष काढला जातो : लाकूड जळून गेले आणि दगड उरला, सबब लाकडी सांगाडा आगीच्या दृष्टीने धोक्याचा आणि दगड, लोखंड, काँक्रीट सुरक्षित. हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा नाही, पण तो अर्धाच खरा आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरील नगारखान्याचे लाकडी खांब आजही उभे आहेत, ही गोष्ट त्या निष्कर्षात बसत नाही. मुख्य महालांपासून दूर, प्रवेशापाशी असलेली लाकडी रचना टिकली आणि आतील महाल गेले, याचा अर्थ वास्तूचे भवितव्य ती कशाची बांधली आहे एवढ्यावरच ठरत नाही.

लाकडी सांगाड्याची खोली तीव्र आगीत कशी वागते, तिचे कोणते अंग आधी जाते आणि कोणते शेवटपर्यंत टिकते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. हा विषय केवळ इतिहासाचा नव्हे. महाल, इतवारी यांसारख्या जुन्या वस्त्यांत, पुण्या-नाशिकच्या पेठांत आणि मुंबईच्या चाळींत असे सांगाडे आजही माणसांचा आणि मालाचा भार वाहत आहेत. त्यांची दुरुस्ती, पाडकाम आणि प्रसंगी त्यांत लागलेली आग विझवणे यांविषयीचे निर्णय पुष्कळदा वरील अर्ध्या सत्यावर घेतले जातात.

खोलीतील आगीची वाटचाल

खोलीत आग लागते तेव्हा आरंभी एखादीच वस्तू पेटते : गादी, पडदा, कागदांचा गठ्ठा. तप्त धूर वर चढून छताखाली साचतो व तेथून खाली प्रारण करू लागतो. त्या धुराच्या थराचे तापमान सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत गेले की खोलीतील उरलेल्या बहुतेक वस्तू जवळजवळ एकाच वेळी पेट घेतात. यास अग्निशास्त्रात फ्लॅशओव्हर म्हणतात. मराठीत ‘एकवट पेट’ म्हणता येईल. या क्षणापूर्वी माणूस खोलीतून बाहेर पडू शकतो, नंतर नाही. वास्तूच्या सांगाड्याची खरी परीक्षाही येथूनच सुरू होते. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रमाणित तापमान-आलेखानुसार चाचणीभट्टी ५ मिनिटांत ५७६, ३० मिनिटांत ८४२ आणि ६० मिनिटांत ९४५ अंशांवर पोहोचते. तीव्र आग म्हणतात ती ही.

एकवट पेटीनंतर आत किती जळावे हे इंधनावर नव्हे, तर दार-खिडक्यांतून येणाऱ्या हवेवर ठरते. जपानचे संशोधक कुनिओ कावागोए यांनी १९५० च्या दशकात याचे साधे सूत्र मांडले : उघड्या दाराचे क्षेत्रफळ गुणिले त्याच्या उंचीचे वर्गमूळ, आणि त्यास ५.५ ने गुणिले की दर मिनिटास जळणारे लाकूड किलोग्रॅममध्ये मिळते. १ मीटर रुंद व २ मीटर उंच दाराला हे सूत्र लावल्यास उत्तर सुमारे १५.५ किलोग्रॅम येते. म्हणजे अशा एकाच दाराच्या खोलीत ५०० किलो लाकूडसामान असेल, तर ते साधारण अर्धा तास पेटत राहील.

काँक्रीटच्या खोलीत हिशेब येथे संपतो. लाकडी सांगाड्याच्या खोलीत मात्र छताच्या फळ्या, कड्या व तुळया हेही इंधनच असते. सागवान उघड्या पृष्ठाच्या दर चौरस मीटरमागे मिनिटाला सुमारे एक तृतीयांश किलो या वेगाने जळते असे धरले, तर २० चौरस मीटर उघड्या लाकडातून मिनिटाला आणखी सहा-साडेसहा किलो इंधनवायू बाहेर पडतो. पण दारातून येणारी हवा तेवढीच राहते. त्यामुळे खोलीतील तापमान फारसे वाढत नाही. जादा वायू न जळताच बाहेर येतो आणि दाराबाहेर हवा मिळताच पेटतो. वाड्यात हे ‘बाहेर’ म्हणजे चौक. चौकाच्या चारी बाजूंस लाकडी सज्जे व ओसऱ्या असतात. ज्या चौकाने शतकानुशतके घराला उजेड आणि वारा दिला, तोच अशा वेळी धुराड्याचे काम करतो, आणि आग खालच्या खोलीतून शेजारच्या खोलीत न जाता थेट वरच्या मजल्याच्या सज्जावर चढते. एका खोलीची आग सबंध वाड्याची होते ती बहुधा याच मार्गाने.

कोळसा : लाकडाचे चिलखत

लाकूड तापले की प्रथम, १०० अंशांच्या आसपास, त्यातील पाण्याची वाफ होते. दोनशे अंशांच्या पुढे त्याचे विघटन सुरू होऊन ज्वलनशील वायू सुटू लागतात, आणि सुमारे ३०० अंशांवर उरतो तो कोळसा. या कोळशाचे उष्णतावहन अत्यंत मंद असते. त्यामुळे पृष्ठभागावर ज्वाळा नाचत असताना तीन-चार सेंटिमीटर आतील लाकूड जवळजवळ पूर्ववत असते. चुलीतील अर्धवट जळलेला ओंडका फोडून पाहिला आहे त्यास हे वेगळे सांगावयास नको.

कोळसा होण्याचा वेग बराचसा स्थिर असतो, हे या विषयातील सर्वांत उपयुक्त सत्य होय. युरोपीय संकल्पन-संहितेनुसार हलक्या, सूचीपर्णी लाकडात तो मिनिटास सुमारे ०.६५ मिलिमीटर, तर सागासारख्या जड व घट्ट लाकडात ०.५ ते ०.५५ मिलिमीटर धरतात. त्याखेरीज कोळशालगतचा ७ मिलिमीटरचा तापलेला थर निर्बल समजून वजा करतात.

या हिशेबाने २५ सेंटिमीटर चौरस खांब चारी बाजूंनी आगीत सापडला, तर एका तासात प्रत्येक बाजूने सुमारे ४ सेंटिमीटर लाकूड निकामी होईल. आत १७ सेंटिमीटर चौरस गाभा उरेल, म्हणजे मूळ छेदाच्या ४६ टक्के. जुन्या सुतारांनी खांब गरजेपेक्षा पुष्कळ जाड घातलेले असल्याने एवढा गाभाही बहुधा भार पेलतो. आता त्याच खोलीतील साडेसात सेंटिमीटर रुंद व दहा सेंटिमीटर उंच कडी पाहू. ती खालून व दोन्ही अंगांनी भाजत असेल, तर अर्ध्या तासातच तिची वाकण्याविरुद्धची ताकद मूळच्या पाचव्या हिश्शाइतकी उरते. कौलाखालील पाच सेंटिमीटर रुंदीचा वासा तर तेवढ्याच वेळात दोन्ही बाजूंनी मिळून नाहीसाच होतो.

सारांश, खोलीचे ‘लाकूड’ एकच असले तरी आगीतील त्याचे आयुष्य जाडीगणिक बदलते. वासे आणि फळ्या मिनिटांच्या हिशेबात जातात. खांब व तुळया तासांच्या.

येथे एक हवामानाची बाब नोंदवणे अप्रस्तुत ठरणार नाही. नागपूरच्या वैशाखात लाकूड अतिशय कोरडे होते, तर श्रावणात तेच ओलावा धरते. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे २.२६ मेगाज्यूल उष्णता खर्ची पडते. लाकडातील ओलावा हा त्या अर्थाने एक लहानसा अग्निशामकच आहे, आणि तो उन्हाळ्यात रजेवर असतो. कोळशाचा वेग याने थोडाच बदलतो. पण पेट घेण्याची सुलभता बरीच वाढते.

आग आपोआप विझते का?

चुलीतून एकच ओंडका बाहेर ओढून ठेवला की तो थोड्याच वेळात विझतो. दोन-तीन ओंडके एकमेकांजवळ ठेवले की पेटते राहतात. कारण एवढेच की जळत्या पृष्ठांना परस्परांच्या प्रारणाची मदत लागते. खोलीचेही असेच आहे. सामान जळून संपल्यावर एकच लाकडी पृष्ठ उघडे असेल, उदाहरणार्थ फक्त छत, आणि भिंती विटांच्या व गिलाव्याच्या असतील, तर जाड तुळयांवरील ज्वाळा पुष्कळदा आपोआप ओसरतात. पण छत, समोरासमोरच्या भिंतींची लाकडी तावदाने आणि लाकडी जमीन अशी सर्वच पृष्ठे उघडी असतील, तर ती एकमेकांस पेटती ठेवतात.

या दृष्टीने खांबांच्या मधले विटांचे भरकाम, भिंतींवरील चुन्याचा वा मातीचा जाड गिलावा आणि माळवदाखालचा मातीचा थर यांचे महत्त्व मोठे आहे. वाडा सजवताना ‘मूळ लाकूड दिसावे’ म्हणून गिलावा खरवडून काढण्याची अलीकडे हौस आहे. सौंदर्यदृष्टी आपल्या जागी. पण त्यामुळे तीन बाजूंनी झाकलेला खांब चारी बाजूंनी उघडा पडतो आणि आगीला आणखी एक पृष्ठ मिळते, हे नजरेआड करता येत नाही.

प्रत्यक्षात काय मोडते

खांब-तुळया इतक्या टिकाऊ असतील, तर लाकडी इमारती आगीत कोसळतात का? याचे उत्तर सांध्यांत, टोकांत आणि ओझ्यात आहे.

वाड्याच्या सांगाड्यात एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले असते. खाचेच्या कडेला लाकूड पातळ असते, म्हणून तेथे कोळसा लवकर आरपार जातो. सांधा लोखंडी पट्टीने वा खिळ्यांनी जोडलेला असेल, तर ते लोखंड उष्णता लाकडाच्या गर्भात पोहोचवते आणि कोळसा आतून होऊ लागतो. खांब तळखड्यावर केवळ टेकलेला असतो. वरच्या तुळया त्याला उभा धरून ठेवतात. तुळई सुटली की जाड, सशक्त खांबही कलतो. मोडते ते खांबाचे लाकूड नव्हे, त्याचा आधार.

तुळईचे टोक हा दुसरा कमकुवत बिंदू. ते भिंतीत गाडलेले असल्याने दिसत नाही, आणि गळतीचे पाणी नेमके तेथेच मुरते. पावसाळ्यामागून पावसाळे लाकूड कुजते, वाळवी पोखरते. खोलीत दिसणारी ३० सेंटिमीटरची तुळई भिंतीत प्रत्यक्ष १० सेंटिमीटरवरच बसलेली असू शकते. वर केलेली सर्व आकडेमोड निरोगी लाकडाची आहे. अशा टोकाला ती लागू पडत नाही.

तिसरी बाब ओझ्याची. माळवदाची माती आगीला वरून अडवते हा तिचा गुण. पण १५ सेंटिमीटर मातीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे अडीचशे किलो भरते. गळती थांबवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर आणखी थर पडत गेले, पुढे काँक्रीट आणि फरशीही आली. आग विझवताना मारलेले पाणी हीच माती शोषून घेते. म्हणजे कड्यांची ताकद घटत असतानाच त्यांच्यावरचे ओझे वाढत असते.

९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवी येथील गोकुळ निवास या लाकडी सांगाड्याच्या जुन्या इमारतीस आग लागली. आग विझवण्याचे काम चालू असतानाच इमारत कोसळली. मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अनुभवी अधिकाऱ्यांना प्राणांस मुकावे लागले. त्या इमारतीचे कोणते अंग प्रथम निकामी झाले याची चिकित्सा येथे करावयाची नाही. मात्र अशा वास्तूत आत शिरणाऱ्यापुढे जो प्रश्न असतो तो वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावा. समोर दिसणारे खांब अजून भक्कम असतात आणि ते खरोखरच भक्कम असतात. पण डोक्यावरच्या कड्यांचे आयुष्य संपत आलेले असते. शिवाय हे आयुष्य बंब पोहोचल्यापासून नव्हे, आग पेटल्यापासून मोजावे लागते, आणि ती नेमकी केव्हा पेटली हे त्या घटकेला बहुधा कोणासच ठाऊक नसते.

रामदासपेठेजवळच, सिव्हिल लाइन्समध्ये, राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. १९५६ मध्ये रामपूर येथे स्थापन झालेली ही संस्था १९५७ मध्ये नागपुरात आली आणि देशभरातील अग्निशमन अधिकारी येथे प्रशिक्षण घेतात. जुन्या वाड्यांची वस्ती असलेल्या शहरात ही संस्था असावी, हा योगायोग अभ्यासकांच्या उपयोगी पडण्याजोगा आहे. वाड्यांच्या खणांची मापे, कड्यांची जाडी, माळवदाची भरती यांची नोंद स्थापत्य व इतिहास विभागांतील विद्यार्थ्यांनी केली, तर ती अग्निशमन दलाच्या थेट कामाची ठरेल.

लोखंडी तुळईचा भ्रम

कुजलेली तुळई काढून तेथे लोखंडी गर्डर घालणे ही जुन्या घरांच्या दुरुस्तीतील सर्वमान्य पद्धत. रोजच्या भारासाठी ती योग्यच आहे. परंतु पोलादाचे उष्णतावहन लाकडाच्या शेकडो पट असल्याने उघडा गर्डर सर्व छेदभर तापतो. सुमारे ५५० ते ६०० अंशांवर त्याची ताकद निम्म्यावर येते, आणि तीव्र आगीत तो तेथपर्यंत पंधरा-वीस मिनिटांतही पोहोचू शकतो. शिवाय तो लांबतो. पाच मीटर लांबीचा गर्डर ६०० अंशांनी तापला तर सुमारे ३६ मिलिमीटर वाढतो आणि मातीत रचलेल्या जुन्या भिंतीला बाहेर ढकलतो. ज्या खोलीत जाड सागवानी तुळई तासभर उभी राहिली असती, तेथे ‘न जळणारी’ तुळई आधी लोंबू शकते. गर्डर घालू नये असा याचा अर्थ नव्हे. घातल्यास त्यास जाड गिलाव्याचे वा अग्निरोधक फळ्यांचे आवरण द्यावे, एवढेच.

खोलीतले सामान बदलले

वाडा बांधला गेला तेव्हा खोलीत काय असे? एखादा पलंग, कापसाची गादी, पेटारा, तांब्या-पितळेची भांडी. आज त्याच खोलीत फोमच्या गाद्या, प्लायवूडची कपाटे, कृत्रिम धाग्यांचे पडदे, किंवा खोली भाड्याने दिली असल्यास प्लॅस्टिकच्या मालाचे खोके असतात. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक प्रयोगांत जुन्या पद्धतीच्या, नैसर्गिक वस्तूंनी सजवलेल्या खोल्यांना एकवट पेट घेण्यास २९ मिनिटांहून अधिक लागले. आधुनिक सामानाच्या खोल्यांनी पाच मिनिटांच्या आतच पेट घेतला.

हे अंतर सांगाड्याचे नाही, सामानाचे आहे. आणि या बाबतीत महालातील वाडा व रामदासपेठेतील काँक्रीटची सदनिका यांत फरक उरलेला नाही. सदनिकेचा सांगाडा जळणार नाही. पण प्लायवूडने मढवलेल्या तिच्या दिवाणखान्यातून बाहेर पडण्यास मिळणारा अवधी वाड्यातल्याइतकाच तुटपुंजा असेल. प्रस्तुत लेखकास हा मुद्दा सहकाऱ्यांशी बोलताना पटवून द्यावा लागतो, कारण काँक्रीटविषयीचा आपला विश्वास घरातील सोफ्यापर्यंतही पसरलेला असतो.

विझल्यानंतर

१९९९ मध्ये इंग्लंडमधील कार्डिंग्टन येथे सहा मजली लाकडी सांगाड्याची एक इमारत मुद्दाम उभारून तिच्या एका सदनिकेत तीव्र आगीची चाचणी घेण्यात आली. भिंती-छतांना जिप्समच्या फळ्यांचे अस्तर होते. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा पाणी रासायनिकरीत्या बद्ध असते. ते वाफ होऊन जाईपर्यंत मागचे लाकूड तापत नाही. सुमारे तासाभराच्या आगीत सांगाडा टिकला आणि आग शेजारी पसरली नाही. चाचणी यशस्वी ठरली, आग विझवण्यात आली. त्यानंतर काही तासांनी भिंतीतील पोकळीत दडून राहिलेल्या धुगधुगीने पुन्हा पेट घेतला आणि अग्निशमन दलास परत बोलवावे लागले.

शनिवारवाडा सात दिवस का धुमसत राहिला, हे यावरून समजण्यास मदत होते. मजले कोसळल्यावर माती, विटा आणि चुना यांच्या ढिगाऱ्याखाली जाड तुळया गाडल्या जातात. तेथे ज्वाळेपुरती हवा नसते, पण कोळशाच्या मंद ज्वलनास पुरेल इतकी झिरपते. वरची माती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. गोवरीचा विस्तव राखेत झाकून सकाळपर्यंत जिवंत ठेवण्याची जी युक्ती घराघरांत होती, तीच येथे अवाढव्य प्रमाणावर घडते. म्हणून वाड्यातील आग विझल्यावरही छताची तक्तपोशी, जिन्याखालची पोकळी आणि तुळयांची भिंतीतील टोके उघडून, हात लावून तपासावी लागतात, आणि पुढील एक-दोन दिवस पहारा ठेवावा लागतो.

उरला प्रश्न जळक्या सांगाड्याचा. महालातील एका वाड्याचे पाडकाम चालू असता कधीकाळी आगीत सापडलेली तुळई करवतीने कापलेली प्रस्तुत लेखकाने पाहिली. बाहेरून ती कोळशासारखी काळी होती. बोटभर आत लाकूड सोनेरी, घट्ट आणि सागाचा वास टिकवून असलेले. बाहेरच्या काळ्या रंगावरून अशा वास्तूस ‘धोकादायक’ ठरवून पाडणे सोपे असते. त्याऐवजी कोळसा तासून उरलेला गाभा मोजता येतो, त्यावरून राहिलेली ताकद काढता येते, आणि कड्या-फळ्या बदलून जुने खांब व तुळया कायम ठेवता येतात. हे काम एका अनुभवी सुताराचे आणि एका स्थापत्य अभियंत्याचे, फार तर दोन-तीन दिवसांचे आहे. त्यात सर्वाधिक वेळ जातो तो भिंत खोदून तुळईची दोन्ही टोके उघडी करण्यात.